सातवं उत्तर

"तुम्हीच लिहून आणा न मॅडम, मी सही करतो," मुंडले सर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी मान वर केली नाही. मिनल ठवकरने चार दिवस मनात जुळवलेली वाक्यं तोंडातच राहिली. नोकरी सोडून कायदा शिकायचं म्हणते, पुण्याजवळच्या एका विधी महाविद्यालयाचा अर्ज आहे, वरिष्ठांचं शिफारसपत्र जोडावं लागतं, एवढं सांगून झालं होतं. आता एक्केचाळिसाव्या वर्षी कशाला, असं सर विचारतील म्हणून पुढची सहा वाक्यं तयार होती. सरांनी काहीच विचारलं नाही. महिन्याचा तक्ता, तपासणी पथकासाठीचं टिपण, कुठल्याशा कार्यक्रमातलं भाषण ज्या सुरात ते तिच्याकडे सोपवत, त्याच सुरात त्यांनी हेही सोपवलं. "हो सर," ती म्हणाली आणि बाहेर आली. व्हरांड्यात एप्रिलची दुपार भिंतीला टेकून उभी असल्यासारखी होती. कुठेतरी दुखलं असं नाही, पण जिन्यात अंधारात शेवटची पायरी संपलेली असताना पाय पुढच्या पायरीसाठी खाली जावा, तसं काहीतरी झालं. मग तिला वाटलं, यात नवीन काय आहे. अठरा वर्षं अन्न तपासणीच्या या सरकारी प्रयोगशाळेत ती सरांसाठी लिहीतच आली होती. आता विषय तेवढा बदलला होता.

शनिवार असल्यामुळे निम्मी माणसं नव्हती. खिडकीतला कूलर वाळ्याच्या ताट्यांतून ओला, गवताच्या वासाचा वारा फेकत होता आणि तो वारा तिच्या टेबलापर्यंत येईतो कोमट होत होता. तिने संगणक सुरू केला, पांढरं पान उघडलं आणि वर तारीख घातली. तारीख घालणं सोपं असतं. सोमवारपर्यंत अर्ज टपालात पडायला हवा होता. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की पत्र मराठीत वा इंग्रजीत चालेल, मात्र शाईने सही केलेली मूळ प्रतच हवी, छायाप्रत ग्राह्य धरली जाणार नाही. हे वाक्य तिला आवडलं होतं. मूळ प्रत कोणती आणि नक्कल कोणती हे जिथे विचारतात तिथे आपल्याला जमेल, असं तिला वाटलं होतं. इंग्रजीत लिहावं तर इतकी वर्षं तिने सरांसाठी इतकं इंग्रजी लिहिलं होतं की इंग्रजीतले सर तिनेच तयार केलेले होते. त्या सरांच्या तोंडी तिने काहीही घातलं असतं तरी ते शोभलं असतं. मराठीत मात्र सर सरांसारखे बोलत. म्हणून तिने मराठी धरली.

"कुमारी मिनल नानाजी ठवकर यांना मी गेली अठरा वर्षे ओळखतो." कुमारी हा शब्द तिने खोडला, श्रीमती केला, पुन्हा कुमारी केला. दोन्हींत ती कुठे नव्हती. मग नुसतंच मिनल नानाजी ठवकर ठेवलं. पुढे काय लिहायचं ते तिला पाठ होतं. प्रयोगशाळेतला अमोल हैदराबादला गेला तेव्हा, मोनाली परदेशी शिकायला गेली तेव्हा त्यांची पत्रं सरांच्या नावाने तिनेच लिहिली होती. चिकाटी, विश्लेषक बुद्धी, संघभावना. अमोलची संघभावना इतकी होती की काचेचं काही फुटलं की तो बाहेर चहाला गेलेला असे, पण पत्रात ते बसलं. दुसऱ्यांसाठी विशेषणं लिहिताना तिचा हात कधी अडला नव्हता. आता तीच विशेषणं समोर ठेवली आणि स्वतःच्या नावापुढे एकेक लावून पाहिली, तर कपड्याच्या दुकानात दुसऱ्याच्या मापाचा सदरा आरशापुढे धरावा तशी ती दिसायला लागली. "अत्यंत काटेकोर." अत्यंत म्हणजे किती? कशाच्या तुलनेत? मोजलं कोणी? अठरा वर्षं तिने अहवालात एकही विशेषण वापरलं नव्हतं. इतकं आढळलं, इतक्याच्या आत चूक असू शकते. त्याच्यापलीकडे जे असेल ते तिचं काम नव्हतं.

हे दुसऱ्याच्या तोंडून लिहिणं लहानपणापासूनचं होतं. कुही या गावी घराच्या ओट्यावर नानाजी, म्हणजे तिचे वडील, गावातल्या माणसांना बसवून घेत आणि आत हाक मारत, "मिनल, पेन आन वं." तिचं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज तिने लिहायचे. नववीतली मुलगी लिहायची, "मी खाली सही करणारा शेतकरी असून माझे धान पाण्याखाली गेले आहे." मी खाली सही करणारी विधवा असून. मी खाली सही करणारा इसम असून माझी म्हैस. समोरचा माणूस सांगे, ती मनात त्याचं वाक्य सरळ करी, आणि शेवटी तो वाकून अंगठा उमटवी. अंगठ्याच्या आधी नानाजी म्हणत, "वाचून दाखव आधी. त्याले समजू दे त्यानं काय म्हटलं ते." ती वाचून दाखवी. म्हाताऱ्या माणसांचे डोळे तेव्हा एका जागी थांबत, आपलंच बोलणं इतकं नीट झालेलं ऐकून ते जरा ओशाळत. कोणीतरी एकदा म्हणालं होतं, "म्हशीचं नाव नाही लिहिलं पोरीनं." नानाजींनी तेही लिहायला लावलं. नानाजी जाऊन नऊ वर्षं झाली. सरांना तिने कधीच काही वाचून दाखवलं नव्हतं. सर पेनाचं टोपण काढूनच हात पुढे करीत. "तुमचं काय वाचायचं," म्हणत. पहिली काही वर्षं तिला तो विश्वास वाटला. नंतर कधीतरी ती सवय झाली, आणि केव्हा झाली ते लक्षात आलं नाही.

"काय करून राहिली वं? घरी नाही जात का?" मागून वंदना आली. प्रयोगशाळेतली सगळी भांडी धुणारी, वाळवणारी, मोजून कपाटात लावणारी ती, आणि तिच्या हातचा एकही चंबू मिनलने कधी परत पाठवला नव्हता. वंदनाने पदराने कपाळ पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं.

"अर्ज आहे एक. वकिलीच्या शिक्षणाचा."

"बाप्पा! नागपूरच्या उन्हात काळा कोट घालतं का तू? आपला पांढरा काय वाईट हाय? डाग पडला तं दिसते तरी."

"शिकून तर होऊ दे."

"मंग हे काय?"

"शिफारसपत्र. सरांचं."

"सरांचं म्हंजे तुहंच." वंदना हसली. "लिही न मंग मस्त! स्वतःचीच तं हाय शिफारस. मले लिहायले सांगतलं असतं तं मी लिहिलं असतं, वंदनाबाईसारखी बाई आठ तालुक्यात सापडनार नाही, हिच्या हातचा गिलास देवानं प्यावा."

"खरं आहे ते."

"खरं हाय म्हनूनच कोनी लिहीत नाही," वंदना म्हणाली आणि बादली उचलून गेली. जाताना दारातून ओरडली, "मी साडेपाचले कुलूप लावते, सांगून ठेवते!"

महाविद्यालयाने पत्रासाठी तीन प्रश्न दिले होते. किती काळ ओळखता, ते झालं. विश्लेषणक्षमतेविषयी लिहा, तेही तिने उरकलं, विशेषणांऐवजी आकडे घातले, वर्षाला किती नमुने, किती प्रकारच्या चाचण्या. तिसरा प्रश्न होता: अर्जदाराच्या प्रामाणिकपणाचा आपण स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग लिहा. अमोलच्या वेळी असा प्रश्न असता तर तिने पाच मिनिटांत प्रसंग रचला असता. आताही तिने एक रचला. एका व्यापाऱ्याने दिवाळीत मिठाईचा डबा पाठवला आणि तिने तो परत केला, हे घडलंही होतं. ती वाचू लागली तेव्हा तिला फार थकल्यासारखं झालं. हा थकवा दिवसाचा नव्हता. काही भांड्यांच्या तळाशी एक पातळ थर राहतो, धुताना दिसत नाही, वाळल्यावर उजेडात धरला की दिसतो. तसा तो होता. सरांनी स्वतः पाहिलेला एकच प्रसंग होता, आणि तो दोघांनाही ठाऊक होता.

नमुना क्रमांक २१४. प्रयोगशाळेत नावं येत नाहीत, क्रमांक येतात, म्हणजे कोणाचं काय आहे हे तपासणाऱ्याला कळू नये. दीड वर्षापूर्वी आलेलं ते मिरचीचं तिखट होतं, अधिकाऱ्याने बाजारातून उचललेलं. खाण्यात चालत नाही असा तेलात विरघळणारा लाल रंग त्यात आहे का, एवढंच पाहायचं होतं. त्याच्या आधीचा २१३ नंबरचा नमुना त्या रंगाने नुसता माखलेला होता. असा नमुना यंत्रातून गेला की मध्ये एकदा कोरी चाचणी घ्यायची असते. नमुना न घालता नुसतं द्रावक सोडायचं आणि यंत्रात आधीचं काही चिकटून राहिलं नाही ना हे पाहायचं. प्रयोगशाळेत सगळे त्याला ब्लँक म्हणतात. पाऊण तास लागतो. नमुना येऊन तो चौदावा, म्हणजे मुदतीचा शेवटचा दिवस होता, अहवाल त्याच संध्याकाळी जायला हवा होता, दुपारी दोन तास वीज नव्हती, आणि सर दारात येऊन म्हणाले होते, "मॅडम, ब्लँकचं पुढच्या वेळी बघू, आधी हे काढा." तिने काढलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. २१४ च्या आलेखात त्या रंगाच्या जागी एक लहानशी टेकडी आली. लहान, पण होती. अहवाल गेला. दोन दिवसांनी तिने दुसऱ्या कामासाठी नुसतं द्रावक सोडलं तर त्याच जागी तशीच टेकडी उठली, आणखी जराशी बुटकी. ती स्टुलावर बसून त्या टेकडीकडे बघत राहिली होती. आजूबाजूला कोणीतरी रेडिओ लावला होता. २१४ मध्ये रंग नव्हताच असं म्हणता येत नव्हतं. होता असंही म्हणता येत नव्हतं. त्या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे त्या अहवालाचं खरं उत्तर होतं, आणि अहवालात ती जागा नव्हती.

तिने त्याच तासाला सरांना सांगितलं. सर आधी म्हणाले, वंदनाने भांडी नीट धुतली का विचारा. ती म्हणाली, भांड्यांचा दोष नाही सर, ब्लँक घेतला नाही हा दोष आहे. पुढच्या आठवड्यात मान्यतेसाठी तपासणी पथक यायचं होतं. "अहवाल गेला न आता," ते म्हणाले. "त्यांना शंका असेल तर अपील करतील. तीस दिवस असतात त्यांच्याकडे. नमुन्याचे दुसरे सीलबंद भाग आहेतच, दुसरीकडे तपासून होईल." हे कायद्याला धरून होतं. ती टेबलाशी परतली आणि तिने तीस दिवस मोजले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण केली नाही, पण मोजले. अपील आलं नाही. तिला तेव्हा वाटलं, म्हणजे त्यांना शंका नसेल. असं वाटून घ्यायला फार कष्ट पडले नाहीत, याची आता तिला लाज वाटे.

चार महिन्यांपूर्वी सरांना कोर्टाचं समन्स आलं. अहवालावर सही सरांची, म्हणून साक्ष सरांची. "काय काय विचारतील ते उत्तरांसकट लिहून द्या," सर म्हणाले, आणि तिने अकरा प्रश्न काढले. नमुना मिळाला तेव्हा सील शाबूत होतं का. कोणती पद्धत वापरली. यंत्राची तपासणी शेवटची केव्हा झाली. सातवा प्रश्न लिहिताना ती थांबली नाही, हे तिला आठवतं. या नमुन्याआधी ब्लँक घेतला होता का? उत्तर: नाही. त्यामुळे आधीच्या नमुन्याचा अंश आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढे आठवा प्रश्न, नववा. कागद सरांना दिला, त्यांनी तो न बघता घडी करून खिशात ठेवला. साक्षीच्या दिवशी ती सोबत गेली. सर पिंजऱ्यात उभे राहिले, कागद हातात, आणि बचावाचा वकील, घाम आलेला, दुसऱ्या खोलीतही त्याचं काही चाललेलं असावं असा, त्याने विचारलं ही सही तुमचीच का, किती वर्षं या पदावर आहात, बस झालं. मागच्या बाकावर मिनल बसली होती. तिच्या तोंडात तो प्रश्न तयार होता. अहवाल कसा वाचायचा हे त्या सगळ्या खोलीत तिला एकटीला येत होतं आणि विचारण्याचा अधिकार तिला एकटीला नव्हता. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा इंटरनेटवर कायद्याचे अभ्यासक्रम पाहिले. लोकांना सांगायला तिने दुसरी कारणं ठेवली होती, पण कारण हे होतं. सरांनी तो कागद परत दिला नाही. सातवं उत्तर त्यांनी वाचलं होतं की नाही हे तिला कधी कळलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. कधीकधी वाटे वाचलं नसावं, आणि ते बरं वाटे. कधी वाटे वाचलं असावं, आणि तेही एका परीने बरं वाटे.

त्याच दिवशी व्हरांड्यात २१४ ला नाव मिळालं. नाव पुकारलं गेलं तेव्हा तिच्या शेजारी बाकावर बसलेली साठीची बाई उठली, आत जाऊन आली आणि पुन्हा तिच्याच शेजारी बसली. पितळेचा लहान डबा उघडून तिने मिनलपुढे केला, आत भाजलेले शेंगदाणे.

"घे वं माय. तुही बी तारीख हाय का?"

"नाही. मी कोणाच्या सोबत आले."

"माही हाय. भिवापूरले तिखटाची चक्की होती. आठ महिन्यापासून बंद हाय." तिने हात पुढे केले, बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला लाली होती, वर्षानुवर्षांची. "रंग टाकला म्हनते त्यात. मी म्हनलं साहेबाले, माहे हात तपासा न. हा रंग हाय, धुतला तं जात नाही, अजून जळजळ करते. तं हासले सारे."

"तुम्हाला प्रयोगशाळेचा कागद आला होता ना? त्याच्यावर अपील करता येतं. तीस दिवसांत." मिनलला आपला आवाज दुसऱ्याचा वाटला.

"आलता न. मोठ्ठं पाकीट. चार पानं इंग्रजी. साहेबाचा कागद, हरवाले नाही पायजे म्हनून देव्हाऱ्यात फोटोमागं ठेवून देल्ला." ती अभिमानाने म्हणाली. "अजून हाय जसाच्या तसा. घडी नाही मोडली."

चार पानं इंग्रजी मिनलनेच लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेंगदाणे तिने खाल्ले, नाही म्हणता आलं नाही, आणि चव अजून कधी कधी जिभेवर येई. तेव्हापासून दर सोमवारी कामावर येताना, मेट्रोत, ती मोबाइलवर कोर्टाच्या संकेतस्थळावर तो खटला उघडून पाही. तारीख, पुढची तारीख. येत्या शुक्रवारी अंतिम युक्तिवाद होता. त्यानंतर निकाल.

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंपाचा आवाज कोरडा झाला. तिने मिठाईच्या डब्याचा परिच्छेद पुसला. मग सरांच्या आवाजात, म्हणजे मराठीतल्या सरांच्या, तिने लिहायला सुरुवात केली, आणि वाक्यं येत गेली, ओट्यावर येत तशी. "मागील वर्षी नमुना क्रमांक २१४ ची तपासणी मिनल ठवकर यांनी केली. त्याआधी ब्लँक घेण्यात आला नव्हता. अहवाल रवाना झाल्यानंतर यंत्रात आधीच्या नमुन्याचा अंश शिल्लक असल्याचे त्यांना आढळले व त्यांनी ते त्याच दिवशी मला सांगितले. या नमुन्यात रंग होता असे खात्रीने म्हणता येत नाही. ब्लँक न घेण्याची चूक त्यांची होती. ती त्यांनी लपवली नाही. ही बाब संबंधितांना व न्यायालयाला कळवली गेली नाही." शेवटच्या वाक्याला कर्ता नव्हता. तिने ते तसंच ठेवलं, मग वाचलं, मग त्यात "मी" घातला. "मी कळवली नाही." हा मी कोणाचा, हे तिला क्षणभर कळेना. खाली सही करणाऱ्याचा. तिने छापलं.

पान हातात घेऊन उभी राहिली तेव्हा तिला दिसलं की ही अगदी साधी गोष्ट आहे. आत जायचं, सर टोपण काढतील, न वाचता सही करतील, अठरा वर्षं करत आले तशी. कागद तयार होईल. त्यात एकही खोटं वाक्य नसेल. आणि ती वाऱ्यासारखी बाहेर पडू शकेल. ज्या माणसाने न वाचता सही केली त्याच्याकडून खरं लिहून घेतलं तर ते खरं राहतं का? देव्हाऱ्यात फोटोमागे ठेवलेल्या पाकिटात आणि या कागदात मग फरक काय?

सर चष्मा कपाळावर ठेवून डोळे चोळत बसले होते. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, टेबलावरच्या फायली आतापासूनच कमी झाल्या होत्या. कागद दिसताच हात पेनाकडे गेला, टोपण निघालं.

"सर, वाचून सही करा."

"तुमचं काय वाचायचं मॅडम."

"नाही सर. वाचा." तिने तळहात कागदावर ठेवला होता, तो काढायला तिला वेळ लागला. "नाहीतर मी वाचून दाखवते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदा पाहिलं. मग चष्मा खाली ओढला. ते हळू वाचत होते, ओठ किंचित हलत होते, आणि तिला ठाऊक नव्हतं की सर असे ओठ हलवून वाचतात. २१४ च्या परिच्छेदावर ओठ थांबले. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होईना, किक मारल्याचे आवाज येत राहिले.

"सातवं," सर म्हणाले.

तिने मान हलवली.

"तुम्हाला वाटलं असेल मी वाचलं नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "पिंजऱ्यात उभं राहून मी तेवढंच वाचत होतो. एक ते सहा मला आठवतही नाही. तो वकील तोंड उघडून राहिला की वाटे, आता विचारतो. नाही विचारलं त्यानं."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, सर?"

"मला आजही माहीत नाही," ते म्हणाले. "आनंद झाला होता मॅडम मला, त्यानं नाही विचारलं म्हणून. घरी जाऊन आंघोळ केली." मग एकदम चिडल्यासारखे, "अन् अशानं तुम्हाला प्रवेश कोण देणार? शिफारस आहे का ही? असा माणूस कोणाला पाहिजे असतो?"

"माहीत आहे सर."

"माझी पेन्शन आहे."

"हो सर."

त्यांनी पुन्हा कागद जवळ ओढला. दोनदा पेन टेकवून उचललं. मग एका ओळीवर वाकले आणि सावकाश एक शब्द खोडला, सरळ रेघ मारून, अहवालात खोडतात तसा, खालचं वाचता येईल असा. वर काहीतरी लिहिलं. त्यांचं हस्ताक्षर तिने सहीपलीकडे कधी पाहिलं नव्हतं. शाळेतल्या मुलासारखं मोठं, गोल अक्षर होतं. "ब्लँक न घेण्याची चूक त्यांची होती" यातल्या "त्यांची" वर रेघ होती, आणि वर लिहिलं होतं, "माझी." बाजूला लहान सही, खाली मोठी सही, तारीख.

"घ्या," ते म्हणाले. "अन् पुन्हा हा कागद माझ्यापुढे आणू नका. एकदा झालं, पुन्हा नाही होणार माझ्याच्यानं."

ती टेबलाशी आली. वंदना किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभी होती. "केली का सही?" "केली." "मंग तोंड काहून असं? पेढे आन म्हनलं तं पैसे लागतीन म्हनून का?" वंदना हसली, मग हसायची थांबली. मिनलने खणातून पाकीट काढलं, त्यावर महाविद्यालयाचा पत्ता तिने चार दिवसांपूर्वीच लिहून ठेवला होता, एकेक अक्षर नीट. मूळ प्रत एकच होती. छायाप्रत ग्राह्य धरली जाणार नव्हती, आणि शुक्रवारी कोर्टातही ती कोणी धरली नसती. सर दुसरी सही देणार नव्हते, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं होतं. ती थोडा वेळ पाकिटाकडे पाहत राहिली. पुणे हा शब्द तिने किती सुंदर काढला होता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज निघेल, असं मनात आलं, आणि पुढच्या वर्षी ती बेचाळीस, आणि शिफारस कोणाची, हेही मागोमाग आलं. तिने ते पाकीट खणात पालथं ठेवलं.

नवीन पाकिटावर तिच्या हाताने सवयीने लिहिलं, २१४. तिने त्यावर सरळ रेघ मारली, आणि खाली लिहिलं: सिंधूताई बाबाराव पडोळे.

"वंदना, भिवापूरला सकाळची पहिली गाडी कितीला असते?"

"उद्या? इतवारी?" वंदना म्हणाली. "साडेसहाले हाय एक. काहून?"

पत्ता तिने लिहिला नाही, तिकीट लावलं नाही. टपालाने गेलेला कागद त्या घरात पुन्हा देवामागे गेला असता. तिने पत्र आत सरकवलं आणि पाकीट उघडंच पर्समध्ये ठेवलं. ते वाचून दाखवायचं होतं.